मांडवातली आवर्तसारणी

वडीगोद्रीच्या धर्मराज मास्तराच्या खानदानात एखादी पंगत सुखानं उठल्याची कोणाला आठवणच न्हाई. मास्तराच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात वरण अळणी झालं म्हणून वऱ्हाड उपाशी उठलं. मधलीच्या लग्नात ते खारट झालं म्हणून उठलं. तिसरीच्या लग्नात सगळं बराबर होतं, तर व्याह्याच्या भावानं विचारलं, "खोड काढायला काहीच ठेवलं न्हाई, आम्हाला काय समजता तुम्ही?" आणि तेबी उठलं. त्या पंगतीत भिरकावलेला एक लाडू अजून खाली आला न्हाई असं जुनी माणसं सांगतात, आणि ती खोटं कामून बोलतील?

आता मास्तराची स्वतःची लेक उजवायची होती. प्रभावती तिचं नाव. शहागडचं स्थळ, पोरगा कामाचा, आणि पोरीला मनातून पसंत. ती बोलली न्हाई, पण पोरगा पाहून गेल्यापासून तिनं दोनदा चहात साखरेऐवजी रवा टाकला, त्यावरून उषाबाईनं ओळखलं. उषाबाई म्हंजी मास्तराची बायको.

अडचण एकच होती. मुहूर्त गोरज, दिवस मावळतीचा. वऱ्हाड येणार दुपारी. म्हंजी आधी जेवण, मंग लग्न. पंगत मोडली की वऱ्हाड गाडीत बसणार आणि प्रभावती हळदीच्या अंगानं घरातच राहणार.

"दुनिया लग्न लावून जेवती," उषाबाई म्हणाली. "तुम्हीच आधी पंगत ठेवली."

"मी न्हाई ठेवली. काकासाहेबांनी ठेवली. उपाशी पोटी त्यांना मंगलाष्टकं ऐकू येत न्हाईत म्हणे."

काकासाहेब हा नवरदेवाचा चुलता. शहागडात त्याच्या रागाच्या गोष्टी पुरासारख्या सांगायचे, कुठवर चढला आणि काय काय वाहून गेलं. एकदा गोदावरीच्या पुलावर तो बसवाल्यावर चिडला, तर खालचं पाणी जरा बाजूनं वाहायला लागलं. भाऊबंदांच्या लग्नात त्याच्या धोतरावर ताकाचा एक थेंब पडला, तर त्यानं मांडवाचा खांब उपटला, आणि वरचा मांडव सगळ्यांच्या डोक्यावर पागोट्यासारखा बसला.

इकडच्या बाजूला उषाबाईचा थोरला भाऊ रामराव, कुंभार पिंपळगावचा. नवरीचा मामा. हा भडकायचा न्हाई. हा कुरतडायचा. त्याला जन्मापासून काहीतरी कमीच पडायचं. भात वाढला की वरण कुठंय, वरण वाढलं की तूप कुठंय, तूप वाढलं की आमच्या बहिणीच्या घरी चमचा एवढाच असतो का. शेजाऱ्याच्या पत्रावळीवरची भजी उचलून हा वर त्यालाच विचारायचा, "तुला भजी न्हाई मिळाली व्हय?"

या दोघांची गाठ पडली तर काय होईल, ह्या विचारानं मास्तर वाळून चालले होते. मंग एका रविवारी ते शाळेत गेले आणि प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा कापडी तक्ता काखेत मारून घरी आले. ओसरीवर अंथरला. चारी कोपऱ्यांवर चार जोंधळ्याचे शेर ठेवले.

"हे काय, सतरंजी?" उषाबाई म्हणाली.

"आवर्तसारणी. जगातली सगळी मूलद्रव्यं हायेत हिच्यात. कोणी कुठं बसायचं ते ठरलेलं हाय, म्हणून जग चालू हाय. आपण पाव्हणे असेच बसवू."

"तुम्हाला ऊन लागलं का?"

"तू नुसती नावं सांग. जागा मी सांगतो."

उषाबाई जोंधळे निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. तशी तिलाबी झोप लागत नव्हती.

"हा एकदम डावा रकाना कोणाचा?"

"अल्क धातू. सोडियम, पोटॅशियम. मऊ असतात, चाकूनं कापता येतात, पण पाण्याचा थेंब लागला की पेट घेतात. आम्ही रॉकेलात बुडवून ठेवतो."

"काकासाहेब," उषाबाई लगेच म्हणाली. "पण त्यांना रॉकेलात कसं बुडवायचं, इहीणबाई काय म्हणतील?"

"चौथ्या ओळीत डाव्या टोकाला बसवू, पोटॅशियमच्या जागी. पाण्याचा तांब्या आधीच भरून ठेवायचा. वाढप्यानं त्यांच्या अंगावर पाणी घेऊन जायचंच न्हाई."

"आणि हा पार उजवा रकाना?"

"निष्क्रिय वायू. त्यांचं घर भरलेलं असतं. कोणाला काही देत न्हाईत, कोणाकडून घेत न्हाईत, कोणाशी बोलत न्हाईत."

"व्याही." नवरदेवाचे वडील अण्णासाहेब पोरगी पाहायला आल्ते तेव्हा दोन तासांत एकदाच बोलले होते, आणि तेबी शिंकले असावेत. "आणि त्यांच्या आधीचा रकाना?"

मास्तरांनी कोपऱ्यावरचा शेर सारखा केला. मेव्हण्याचा विषय होता. "हॅलोजन. यांना एकच कमी असतं. बस, एक. त्या एकासाठी ते दुनियेच्या अंगावर जातात. क्लोरीन घे, तिसऱ्या ओळीतला. इषारी वायू हाय."

"माझ्या भावाला इषारी म्हणता?"

"मी क्लोरीनला म्हणालो. तुला तुझा भाऊ आठवला."

उषाबाई हसली, पण पदर तोंडाला लावून. मंग तिला गोडी लागली. सोयरीक जुळवणारा मध्यस्थ तिनं डाव्या कोपऱ्यात अगदी वर एकट्याला बसवला, कारण हायड्रोजन बसतो धातूंच्या डोक्यावर पण धातू न्हाई, अंगानं हलका आणि दोन्हीकडं मिसळणारा. मधला मोठा पट्टा लोखंड, तांबं, जस्त ह्यांचा. तिथं गावकरी. राबणारी माणसं, ठोका, वाकवा, तक्रार न्हाई. उजवीकडं जिन्यासारखी एक रेघ उतरत गेल्ती, तिच्या काठावर अर्धे धातू आणि अर्धे अधातू. तिथं तिनं घरजावई बसवले.

"सोनं कुठं हाय ह्यात?"

"खाली. सहाव्या ओळीत, पाऱ्याच्या शेजारी."

"सोन्याला पहिली ओळ न्हाई?"

"इथं भावावर मान ठरत न्हाई. बाहेरच्या घरात किती इलेक्ट्रॉन हायेत त्यावर रकाना ठरतो."

"म्हंजी तिजोरीत काय हाय ते सोडा, ओसरीवर किती बसलेत ते बघा."

"बराबर. तू माझ्या दहावीच्या वर्गात पाहिजे होतीस."

"मंग ह्या दोन ओळी खाली बाहेर कामून काढल्या?"

"त्या बाहेरच्या न्हाईत. वरच्याच हायेत. मधे घुसवल्या तर तक्ता लई लांब होतो, कागद पुरत न्हाई, म्हणून खाली लिहितात."

उषाबाईनं त्या दोन ओळींकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. "आपल्या गावात तर जागाबी पुरत होती आणि पत्रावळ्याबी पुरत होत्या," ती म्हणाली. "तरी माझ्या सासऱ्यानं गावकुसाबाहेरच्यांच्या ओळी मांडवाबाहेरच काढल्या. माझ्या मांडवात बाहेर ओळ न्हाई. मांडव वाढवा."

मास्तरांनी मांडव वाढवला.

लग्नाच्या सकाळी त्यांनी चुन्याच्या फक्कीनं मांडवात ओळी आखल्या, जागा मोजल्या आणि वाढप्यांचा म्होरक्या कडूबा याला बोलावलं. कडूबानं तीन गावच्या पंगती उठवल्या होत्या. बुंदीची बादली एका हातात आणि वरणाची दुसऱ्या हातात घेऊन तो पळायचा, आणि पाव्हण्याला ढेकर येण्याच्या आधी ऐकू यायची.

"कोण कितव्या ओळीत ते तुला सांगितलं," मास्तर म्हणाले. "प्रत्येक ओळ डाव्या हातापासून भरायची. जागा बदलायची न्हाई. बिलकुल न्हाई."

"गुर्जी, डाव्या हातापासून म्हंजी कोणाच्या?"

"बसणाऱ्याच्या. आणखी कोणाच्या?"

झालं, इथंच माशी शिंकली. मास्तरानं पंचवीस वर्षं पोरं बसवली होती. वर्गात सगळ्या ओळी फळ्याकडं तोंड करून बसतात, सगळ्यांचा डावा हात एकाच भिंतीकडं. त्यांच्या डोक्यात पंगत म्हंजी तसलाच वर्ग, फक्त हातात पाटीऐवजी पत्रावळी. पण पंगतीत कोणी कोणाच्या पाठीकडं तोंड करून जेवतं का? ओळ ओळीच्या समोर बसती, आणि मधल्या वाटेनं वाढपी पळतो. कडूबानं पिढ्यान्‌पिढ्या बसवतात तशी माणसं समोरासमोर बसवली, आणि गुर्जींनी सांगितलं म्हणून प्रत्येक ओळ बसणाऱ्याच्या डाव्या हातापासून भरली. त्यामुळं तिसऱ्या ओळीचं उजवं टोक आलं चौथ्या ओळीच्या डाव्या टोकासमोर.

तिसऱ्या ओळीच्या उजव्या टोकाला अण्णासाहेब बसायचे होते, पण ते नवरदेवाजवळ जानोशात, वऱ्हाडाच्या उतरायच्या जागी, थांबले. मंग त्यांच्या अलीकडचा माणूस एक जागा सरकला आणि टोकाला आला.

मास्तर बुंदीचं ताट घेऊन स्वयंपाकाच्या बाजूनं बाहेर आले, आणि पाहतात तर काकासाहेब आणि रामराव एकमेकांसमोर मांडी घालून बसलेले. मधे एका वाढप्याच्या पायाएवढी वाट.

ताट हातातच राहिलं. "कडूबा," ते हळूच म्हणाले, "उठव त्यांना."

"गुर्जी, पत्रावळीवर वाढल्यावर माणूस उठवतात का? तुमचं शिक्षण जास्त झालंय."

उषाबाईनं बायकांच्या बाजूच्या पडद्यातून डोकं काढलं, पाहिलं, आणि परत आत घेतलं. आत तिनं प्रभावतीच्या हातातल्या बांगड्या उगाच सारख्या केल्या. पोरीनं विचारलं, "आई, काय झालं?" तर म्हणाली, "काय न्हाई. जेवून राह्यलेत."

सुरुवात रामरावानं केली. एकदम साधी. त्याला पाणी कमी पडलं.

"ए, पाणी आण रे," तो म्हणाला. "आमच्या बहिणीच्या घरची हीर आटली काय?"

पाणी घेऊन एक वाढपी पळत आला. रामरावाच्या पेल्यात ओतताना झारीच्या तोटीतून एक पिचकारी उडाली ती बराबर काकासाहेबाच्या मांडीवर.

सगळा मांडव चावायचा थांबला.

काकासाहेबाचं तोंड आधी लाल झालं, मंग जांभळं. वर्गात पोटॅशियमचा खडा पाण्यात टाकल्यावर अशीच जांभळी ज्योत निघती. मास्तराला ती ओळखू आली, आणि असल्या वेळीबी त्यांना बरं वाटलं की जागा तरी बराबर निवडली होती.

"पाव्हणं," काकासाहेब म्हणाला, "तुमच्यात पाणी पाजतात का आंघोळ घालतात?"

"माणूस बघून ठरवतात," रामराव म्हणाला.

"जीभ लांब हाय तुमची."

"असंल. वाढलेलं कमी असलं की ती लांब करावी लागती."

"कमी? आमच्या घरी या एकदा. कमी काय असतं ते विसराल. दावणीला तीन बैल हायेत माझ्या."

रामरावानं हातातला घास खाली ठेवला. "तीन? दोन नांगराला. मंग तिसरा काय रेडिओ ऐकायला ठेवलाय?"

मागं कोणीतरी हसलं. काकासाहेबानं मांडी मोडली आणि एक गुडघा उभा केला. आता खांब उपटणार म्हणून जवळच्या दोघांनी खांबाला मिठी मारली. मास्तरांनी बुंदीचं ताट छातीशी धरलं आणि डोळे मिटून घेतले.

"तिसऱ्याचा जोडीदार गेला," काकासाहेब ओरडला. "पान लागलं, साप डसला, सकाळी तोंडाला फेस, दुपारी आडवा. हा एकटा राह्यला. आठ महिने झाले, फुकट कडबा खाऊन राह्यलाय. आणि वर कामावर न्यायला लागलं की मेलेल्याच्या जागेकडं बघून हंबरतो. विकायला न्यावा तर एकटा बैल घेतो कोण? माझ्या घरात मला त्याच्याकडं बघवत न्हाई, आणि तुम्ही मला रेडिओ सांगता?"

आता रामराव पुढचं काहीतरी कुरतडणार म्हणून लोकं वाट पाहायला लागले. त्याच्या मिशीला बुंदीचा एक कण चिकटला होता, तोबी हलेना.

"दात किती?" तो म्हणाला.

"काय?"

"बैलाचे. दात किती?"

"चौसा हाय, चार दात."

"जात?"

"लाल कंधारी."

"डावा का उजवा?"

"डावा चालतो. उजवीकडं जुंपला तर मारतो."

रामरावानं मोठा श्वास घेतला. "माझा उजवा हाय. लाल कंधारीच. जोडीदार पोळ्याच्या आधी हिरीत पडला. तवापासून सगळं वावर लोकांच्या बैलावर करून राह्यलो. भीक मागितल्यासारखं वाटतं हो."

काकासाहेबाचं तोंड जांभळ्यावरून लालावर आलं, लालावरून गव्हाळीवर.

मंग त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, वाटेवरून पुढं वाकला आणि रामरावाचा उष्टा हात धरला. बायकांच्या बाजूनं एक बाई ओरडली, "धरला, धरला." पण काकासाहेबानं दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं. जनावरांच्या बाजारात सौदा असाच होतो, कापडाखाली बोटं दाबून, म्हंजी शेजारच्याला कळत न्हाई. उपरण्याखाली बोटं हलत होती, बुंदीचा पाक उपरण्याला लागत होता. काकासाहेब मान नकारात हलवायचा, रामराव पत्रावळीकडं पाहायचा. सगळा मांडव त्या उपरण्याकडं बघून राह्यला, जसं काही तिथून ससा निघणार हाय.

निघालं ते उलटंच. दोघंबी उठून उभे राहिले.

आणि पंगतीचा कायदा असा की एक उठला की ओळ उठती. शहागडच्या वऱ्हाडानं काकासाहेब उठलेला पाहिला, आणि शंभर माणसांनी पत्रावळीवर पाणी फिरवायला तांबे उचलले. पडद्याआड उषाबाईनं प्रभावतीचा हात घट्ट धरला.

"ए, बसा रे," काकासाहेब मागं वळून म्हणाला. "कोणी उठायचं न्हाई. पोटभर जेवा. आम्ही बैल पाहून आलोच."

तांबे खाली गेले. मास्तरबी खाली बसले, बुंदीच्या ताटासकट, तिथंच चुन्याच्या रेघेवर.

पंगत सुखानं उठली. खानदानातली पहिली. पण दिवस कलला, भटजीनं पाट मांडले, नवरदेव आला, अक्षता वाटल्या, आणि मामाचा पत्ता न्हाई. मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय नवरी अंतरपाटाजवळ येत न्हाई. दोघं हमरस्त्यावरून उसाचा ट्रक धरून शहागडला गेल्ते.

"दुसरा मामा उभा करा," भटजी म्हणाला. "मुहूर्त टळून राह्यला."

"मला एकच भाऊ हाय," उषाबाई म्हणाली. "दुसरा कुठून आणू, उसना?"

रामरावाची बायको साळूबाई जवळच सुपारी कातरत बसली होती. तिला लोकांनी विचारलं, येतील का हो मालक? ती म्हणाली, "बैल आवडला तर बैलाला घेऊन येतील. न्हाई आवडला तर तोंड घेऊन येतील. मला इचाराल तर बैल बरा."

सूर्य टेकला. मास्तर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. लांब धूळ दिसली की त्यांना ट्रक वाटायचा, आणि जवळ आली की मेंढरं असायची. भटजीनं पंचांग दुसऱ्यांदा उघडलं, तिसऱ्यांदा चष्मा पुसला.

मंग ट्रक आला. त्याचा भोंगा अंबडपर्यंत ऐकू गेला असंल. उसावर काकासाहेब उभा, शेजारी रामराव, आणि दोघांच्या मधे लाल कंधारी बैल, आमदारासारखा चारी बाजूंना बघत. बैल उतरवला आणि रामराव दाव्यासकट मांडवात शिरला.

"दादा, त्याला बाहेर बांध," उषाबाई म्हणाली.

"बाहेर बांधू आणि कोणी सोडून नेला तर?"

"आवं मामा, मुहूर्त," भटजी म्हणाला.

"मी उभा हाय. तुम्ही चालू करा."

एका हातानं भाचीचा खांदा धरून आणि दुसऱ्या हातानं दावं धरून रामराव उभा राहिला. बैल त्याच्याही मागं, मान लांब करून. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट दूर झाला, आणि नवरदेवाला पहिल्यांदा दिसलं ते बैलाचं तोंड. त्यानंतर प्रभावतीचं. पोरगा इतका खुश झालेला कोणी आजवर पाहिला न्हाई. अक्षता पडल्या त्यातल्या निम्म्या बैलानं खाल्ल्या, म्हंजी आशीर्वाद निम्मे त्याच्या पोटात गेले, आणि पुढं तो एकवीस वर्षं जगला. कोणाला खोटं वाटत असंल तर कुंभार पिंपळगावात जाऊन विचारा, तिथं बावीस सांगतात.

अण्णासाहेब त्या दिवशी एकच वाक्य बोलले. "बैल चांगला हाय." लग्नाबद्दल काही बोलले न्हाईत.

पोरीची पाठवणी झाली. उषाबाई रडली, मास्तर रडले, काकासाहेब सगळ्यांत जास्त रडला, आणि तेबी बैलाच्या गळ्यात पडून. मंग मांडव रिकामा झाल्यावर घरची माणसं जेवायला बसली. कोण कुठं बसलं ते कोणी पाहिलं न्हाई. मास्तराच्या पत्रावळीवर थंड भात होता, आणि ते त्याच्याकडं बघत बसले होते.

"जेवा की," उषाबाई म्हणाली.

"मी त्यांना लांब बसवत होतो," मास्तर म्हणाले. "पंचवीस वर्षं पोरांना शिकवलं, एकाला एक जास्त, एकाला एक कमी, दोघं भेटले की शांत होतात. पोटॅशियम आणि क्लोरीन भेटले की पोटॅश होतं. शेतकरी पोत्यानं आणून कपाशीला टाकतो. आणि मी घरच्या मांडवात त्यांच्या मधे सगळा मांडव टाकत बसलो."

"म्हंजी माझ्या भावाचं खत झालं."

"खत वाईट असतं का?"

"न्हाई," उषाबाई म्हणाली. "आजवर तो खताच्याबी कामाचा नव्हता. भात खा."

सकाळी रामराव तांबडं फुटायच्या आधी उठला, बैल सोडला आणि पायवाटेनं कुंभार पिंपळगावला निघाला. दोन कोस गेल्यावर त्याला वाटेत एक ओळखीचा भेटला आणि म्हणाला, "रामराव, लग्न कसं झालं? आणि वहिनी कुठं हायेत?"

रामरावानं मागं पाहिलं. बैल होता. बायको न्हाई.

निरोप घेऊन तो माणूस सायकलवर वडीगोद्रीत आला. साळूबाई ओसरीवर पाय लांब करून बसली होती, हातात चहाची बशी, समोर नणंद.

"मालकांनी इचारलंय, परत येऊ का न्यायला?"

साळूबाईनं चहाचा भुरका मारला. "त्यांना सांग, जोडी जुळली ना? मंग सावकाश या. आठ दिवसांनी या. पेरणी उरकून आले तरी चालंल."